नदीकाठचा पूर्वपक्ष

रवि., ८ मार्च. फा. व. ५
नारायणाची कृपा असेल तेवढेच या पानावर उतरो. अधिक उतरले तर ते त्यानेच पुसावे.

विषय विवाहाचा. जमनाबाईंची सुनीता आणि मंगरू. देव जुळतात: एका घरचे सहा, दुसऱ्या घरचे सात; देवांचा आकडा वेगळा असला की सोयरीक चालते. वडीलधारे अनुकूल आहेत. अडले आहे ते मधुकरपाशी. तो सुनीतेचा थोरला भाऊ, पोलिसांत जवान. मंगरू कित्येक वर्षे जंगलात नक्षल्यांच्या दलमसोबत होता. गतवर्षी बंदूक ठेवून परतला, आता ट्रॅक्टर चालवतो. आश्रमशाळेत दोघेही माझे विद्यार्थी, एका बाकावरचे. आज एकाच गावात राहून परस्परांशी शब्द नाही.

जमनाबाई सकाळी येऊन म्हणाल्या, "तुमच्या ओट्यावर तरी बसवा ना गुरुजी दोघायले. तुमचा शब्द मोडत नाई मधुकर."

पुढल्या रविवारी पोथीला बोलावतो म्हणालो. बोलावणे सोपे. पुढे काय, ते सुचत नाही.

रवि., १५ मार्च
दोघेही आले. ओट्याच्या दोन टोकांना बसले. मध्ये बाकीचे श्रोते.

अठरा दिवसांच्या युद्धाचा भाग चालू आहे. अध्याय संपल्यावर प्रश्न टाकण्याची माझी जुनी खोड. विचारले, पारडे नेमके कोणत्या दिवशी फिरले? कोणी दहावा म्हणाले, कोणी चौदावा. वाद रंगात आला असता मधुकर म्हणाला, "ते जुनं झालं गुरुजी. आमच्या लढाईचं विचारा ना. तिकडचा माणूस बसलाच हाय इथी."

 मी थांबवायला हवे होते. थांबवले नाही.

मधुकरचे मत: डोंगरावरची चकमक. त्यानंतर दलमने दिवसा हिंडणे सोडले. "उंदरावानी झाले हे," असेही वर म्हणाला. मंगरू मान वर न करता म्हणाला, "नाई. नदीवरची."

नदीवर तर पोलिसांची हार झाली होती. मधुकरचा जोडीदार संतोष तिथेच गेला. मधुकर एकटा परतला, देह दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. संतोषची आई नदीपलीकडच्या गावात असते. माझ्या पोराला टाकून हा पळाला, असे ती आजही म्हणते; मधुकरला दारात उभे करत नाही. हे सगळ्या ओट्याला ठाऊक.

मंगरू म्हणाला, "त्या दिवशी आमी जिंकलो, म्हून म्हणतो. त्याच्यानंतर ज्या गावात गेलो, तिथी बायायनं चुलीवरचं भाताचं गंज झाकून ठेवलं. डोंगर तं मांगून झाला. आमी हारलो ते गंजापाशी."

मधुकर उठू लागला. घाईने शास्त्रार्थाचा नियम सांगितला: आपले मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे मत मांडावे, आणि ते असे की प्रतिपक्षानेच "होय, हेच" म्हणावे. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. पुढच्या रविवारी मधुकरने मंगरूची बाजू सांगायची, मंगरूने मधुकरची.

मधुकर हसला. "म्हणजे मी आता नक्षली होऊ काय गुरुजी?" पण बसला.

मंगळ., १७ मार्च
सुनीता अंगणवाडीतून परतताना थांबली. म्हणाली, "गुरुजी, तुमच्या पोथीतली लढाई सरली असन तं माह्या लग्नाचं बोला."  जपात चित्त नाही. पूर्वपक्ष सुचवताना समेट मनात होता, की वादाची गोडी? दोन्ही असावे. 

रवि., २२ मार्च
आजच लिहिले पाहिजे.

मधुकरने मंगरूची बाजू उत्तम मांडली. झाकलेले गंज, दारात उभा उपाशी बंदूकवाला, "आज चूल पेटलीच नाई" म्हणणारी म्हातारी. तिची नक्कल तर अशी केली की सारा ओटा हसला. मंगरूही हसला, म्हणाला, होय, हेच. आश्रमशाळेनंतर प्रथमच दोघांना एकत्र हसताना पाहिले. मनात म्हटले, साधले.

मग मंगरू. डोंगर घेईल अशी माझी समजूत होती. म्हणाला, डोंगरावर मी नव्हतो, नदीवरची पोलिसाची बाजू सांगतो. पाण्याला ओढ होती, काठाला गाळ होता, बूट रुतत होते. इथवर कोणीही सांगेल असेच. मग आवाज खाली आला.

"त्यानं बूट काढले. लेस बांधून गळ्यात अडकवले. जखमी संतोषले पाठीवर घेतलं. मधल्या धारेत दोघंई बुडाले. वर आला तवा एकटाच होता. पण तो पळाला नाई. परत आमच्या काठाकडं फिरला. हातानं पाणी चाचपत. गोळ्या चालूच होत्या."

 मधुकर म्हणाला, "बुटाचं मी कोनालेच नाई सांगतलं."

मग मंगरूकडे वळला.

"तू कुठी होता?"

"पलीकडं. जांभळीखाली."

"संतोषले लागली ते तुही गोळी होती?"

"मले माईत नाई. आमी सगळेच मारून राह्यलो होतो."

"होय, हेच" असे मधुकर म्हणाला नाही. उठला आणि निघून गेला. मी पोथी बांधली. मंगळाचरण म्हणून सुरुवात केली होती. समाप्तीचे राहून गेले.

सोम., २३ मार्च
पुन्हापुन्हा तोच विचार. प्राचीन आचार्यांनी प्रतिपक्ष आतून जाणला तो शब्दांच्या रणात. तिथे कोणाची आई मागे उरत नव्हती. मी ती रीत उचलून जिवंत जखमेवर ठेवली.

जमनाबाई येऊन गेल्या. ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, आता तो नाईच म्हणन. सुनीता कालपासून घराबाहेर पडलेली नाही.

लढाई कोणती निर्णायक, हा प्रश्न आता...

गुरु., २६ मार्च
मधुकर रजा टाकून आला. एकटाच.  मला वाटले, सुनीतेबद्दल नकार सांगायला आला.

लग्नाविषयी अक्षर नाही. म्हणाला, नदीवरच्या चकमकीनंतर कार्यालयात विचारले तेव्हा पाठीवर घेतल्याचे सांगितले. कोणी खोटे म्हणाले नाही, खरेही म्हणाले नाही. पाहणारा आपल्याकडचा कोणी उरला नव्हता. पुढे पुढे त्यालाच शंका येऊ लागली, की आपण खरोखर मागे फिरलो, की तसे आपल्याला वाटते.

"चाचपत होतो म्हणाला तो. ते माह्या ध्यानातच नव्हतं गुरुजी."

मग ज्यासाठी आला ते बोलला. मंगरूने संतोषच्या आईपुढे हेच सांगावे. "मले नाई जमत त्याले म्हणायले. तुमी म्हणा."

ज्याने गोळी झाडली असेल, तोच याचा एकमेव साक्षी. आणि साक्ष द्यायची तर त्या माऊलीला सांगावे लागेल की आपण कोणत्या काठावर होतो. असे ओझे मी कोणाला कोणत्या अधिकाराने सांगू?

सायंकाळी सांगितले. मंगरूने ट्रॅक्टर बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद केला. 

शनि., २८ मार्च
मंगरू आला. सुनीताही होती, त्याच्या मागे नव्हे, शेजारी उभी. त्याचा एकच प्रश्न: "तिथी काय सांगू गुरुजी? पाह्यलं म्हणू, का होतो म्हणू?"

आयुष्यभर वाचलेले सारे एका क्षणात चाळून पाहिले. म्हणालो, जे पाहिलेस ते सांग. कुठून पाहिलेस तेही सांग. अर्धे सांगशील तर तिच्या हाती काहीच लागणार नाही.

सुनीता म्हणाली, "ते बाई यायले मारन."

"मारू दे," मंगरू म्हणाला. नंतर हळूच, "भाऊ संगं हाय ना."

मधुकरला तो भाऊ म्हणाला. सुनीतेने ते ऐकले. मीही.

रवि., २९ मार्च
आज पोथी नाही. श्रोत्यांना परत पाठवले.

सकाळी दोघे मधुकरच्या मोटारसायकलवर गेले. मंगरू मागे बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, शेवटी स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले. मधुकरने निघताना लग्नाला होकार दिला नाही, नकारही नाही. जमनाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाला, आल्यावर पाहू.

नदीपलीकडे जाऊन यायला एवढा वेळ लागत नाही. ऊन उतरले. सुनीता रस्त्यापर्यंत जाऊन दोनदा परतली. त्या दारात काय झाले असेल? उघडले असेल तर वेळ का, आणि उघडले नसेल तर वेळ का? दोन्ही प्रश्न सारखेच जड वाटतात. जमनाबाईंनी भात टाकला आहे, सर्वांचा.

हे पान पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याच्यावर नारायणाची दृष्टी राहो. त्याच्या घरून गेलेला माणूस सुखरूप परत येवो; आणि जो परत येऊच शकत नाही, त्याच्या आईपाशी खरे सांगणारा कोणी तरी पोहोचो.