काचेवरची आई

बालाघाट

सौ. प्रमोदिनीताईस,

धाकट्या मामेभावाचा, प्रीतमचा, वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागपुरात भाऊजींचं दुकान (मेलेल्या कॉम्प्युटरांचं इस्पितळ) बरं चाललं असेल. आमच्याकडे बाबा गेले त्याला आज वीस दिवस झाले. बाकी सर्व ठीक.

तू दिवाळीला दिलेला पोलरायझर, तो काचेवरची चमक खाणारा फिल्टर, अखेर वापरला. (इतके दिवस डबीतच होता, आमच्याकडच्या लग्नांत चमक काढायची नसते, वाढवायची असते.) राहुलदादाला दुबईहून विमान मिळेना, म्हणून बाबांना भाड्याच्या काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. व्हिडिओ कॉलवर दर्शन घडवलं, तर बिचाऱ्यानं काचेत चमकणाऱ्या ट्यूबलाइटलाच हात जोडले. मग त्याच्यासाठी मी कॅमेरा काढला. बाबांनी जन्मभर स्टुडिओ चालवला, त्यांचा शेवटचा फोटो तरी नीट यावा. (रडायचं सोडून मी कोन शोधत होतो, याची आता लाज वाटते.)

पहिल्या फोटोत आई पेटीवर वाकलेली, आणि काचेत तिचा चेहरा बरोबर बाबांच्या चेहऱ्याशेजारी. तिनं कॅमेऱ्यात डोकावून म्हटलं, "राहू दे, हाच चांगला आला." मी तो उडवला, फिल्टर चढवला, तिरपा उभा राहून त्याचं कडं फिरवलं. ट्यूबलाइट गेली, बघे गेले, आई गेली. उरले एकटे बाबा, अगदी स्वच्छ. शेजारचे नथ्थूकाका अजून रुसलेत, की तासभर काचेवर रडूनही ते फोटोत नाहीत.

तेरवीनंतर आईनं फोटो मागितला. दाखवला, तर म्हणते, "मी काहून नाही याच्यात? आमचा दोघाईचा होता ना तो?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला आणि पुढची चाळीस वर्षं बाबा कायम कॅमेऱ्यामागे. दोघांचा एकत्र असा तेवढा एकच फोटो होता. तो मी पुसला, ताई. फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

घरात सर्वांना नमस्कार.

तुझा,
प्रीतम

ता. क. : फिल्टर उत्तम आहे, परत घेऊन जा. सोबत कॅमेऱ्याचं कार्ड पाठवतोय. त्या दिवसानंतर त्यावर एकही फोटो घेतलेला नाही (दोन लग्नांना नाही म्हटलं). पुसलेलं परत निघतं का, भाऊजींना तेवढं बघायला सांग.

ता. क. २ : आईला सांगितलंय, दोघांचा तो फोटो धुवायला नागपूरला दिलाय. तिनं काल स्वतःच भिंतीत खिळा ठोकला.