मस्टरची पहिली ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं एकदाचं. मोठ्या कंपनीने आमच्या धाकट्या कंपनीला गिळलं! पत्रकात मात्र 'दोन कुटुंबं एकत्र येत आहेत' असं छापलंय. म्हणजे लग्नच म्हणायचं. आम्ही एकशे दहा वैमानिक रुखवतात मांडलेले.

त्यांची विमानं जेट, आमची पंख्याची. आमच्यातले पहिले चौसष्ट जेटवर जाणार — सिनियॉरिटीने, म्हणजे सतरा-अठरा वर्षांपूर्वी कोण कधी कामावर हजर झाला त्या क्रमाने. उरलेले पंख्यावरच, 'प्रादेशिक विभाग' अशी नवी पाटी लावून. हा विभाग किती दिवस ठेवणार ते पत्रकात नाही. सगळे म्हणतात, दोन वर्षांत विकतील.

मी चौसष्टावा. पासष्टावा केतन, माझा जुना मित्र.

४ नोव्हेंबर

ग्रुपवर दुपारपर्यंत दोनशे बारा मेसेज. सुजित चोपन्नावा, त्यामुळे त्याला तत्त्वज्ञान सुचतंय. म्हणे पंख्यावर जन्म काढणं म्हणजे बालवाडीत मॉनिटर होऊन राहणं. त्यावर खालच्या नंबरवाल्यांचं उत्तर — जेटवर गेलात की कॅप्टनपद गेलं, परत उजवीकडची को-पायलटची खुर्ची, निदान पाच वर्षं पोरवयाच्या कॅप्टनला 'येस सर'.

मीही एक खोटं परिपत्रक सोडलं — 'जेटवर जाणाऱ्यांनी पंखे घरी न्यावेत. उन्हाळ्यात उपयोगी पडतील.' अडतीस जण हसले. केतनने वाचलं. हसला नाही.

६ नोव्हेंबर

आज उजवीकडे मृणाली होती. पालीची पोर, घरी भातशेती, खानदानात विमानात बसलेलीही ही पहिलीच. नंबर नव्वदच्या पुढे, म्हणजे तिला आत्ता जेट नाहीच. तिने विचारलं, सर, तुम्ही माझ्या जागी असता तर राहिला असता की बाहेर अर्ज केला असता? इथे आखूड धावपट्टीवर, आडव्या वाऱ्यात स्वतःच्या हाताने विमान उतरवायला मिळतं. तिकडे निम्मं काम यंत्र करतं. पण मोठं ते मोठंच ना!

मी म्हटलं, यंत्राला सिनियॉरिटी नसते, त्याच्याशी मैत्री कर.

तिने चेकलिस्ट बंद केली. मग म्हणाली, "सर, मी खरंच विचारलं होतं."

विमान नीट उतरवलं तिने. माझ्यापेक्षा बरं.

८ नोव्हेंबर

बाबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. चाळीस वर्षं ट्रक चालवलाय माणसाने. ऐकलं सगळं, तंबाखू मळली, आणि पूर्ण वादाचा निकाल लावला —

"बारक्या गाडीवर डायवर हाईस, नि मोठ्या गाडीवर किलिंडर व्हनार? कोनी सांगितलंय?"

ग्रुपवरच्या एकालाही हे इतकं नेमकं लिहिता आलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

केतन आणि त्याची बायको नूतन जेवायला आले. बोर्लीहून सोललेली सुपारी आणली बाबांसाठी, नेहमीसारखी. माझ्या बायकोने, कल्पिताने, सुरमई तळली. आमच्या होमस्टेचे पाहुणे पुढच्या वाडीत, आम्ही मागच्या पडवीत. विलीनीकरणावर कोणी बोलेना. माझीच अखंड बडबड!

समुद्रावरून एक जेट गेलं. केतनचा घास हातातच राहिला. मान वर न करता त्याने विमानाचा प्रकार सांगितला, इंजिनाची जात सांगितली. मग जेवायला लागला.

नूतन म्हणाली, "भाऊजी, हे कॉलेजात होते तेव्हापासून आवाजावरनं ओळखतायत. चालवायला एकदाही मिळालं नाही." आणि लगेच कल्पिताला कालवणाचं विचारायला लागली.

निघताना केतन एवढंच म्हणाला की तू जा, जाशील तर बिनधास्त जा. मनात काही ठेवू नकोस.

मनात काय आहे ते त्याला माहीत असेल का?

१२ नोव्हेंबर

फॉर्म आला. 'एकाच दिवशी हजर झालेल्या कर्मचाऱ्यांनी आपली हजर होण्याची वेळ नमूद करावी व परस्पर क्रम मान्य असल्याचे लिहून द्यावे.' शेवटची तारीख अठरा. अख्ख्या कंपनीत अशी जोडी एकच. केतन आणि मी.

ही गोष्ट मी कधी कुठे लिहिली नाही. या वहीतही नाही.

पहिल्या दिवशी नऊला हजर व्हायचं होतं. केतन आदल्या दिवशीच मुंबईत येऊन लॉजवर उतरलेला. मी पहाटे नागावहून मोटरसायकलवर निघालो, मागे कल्पिता, तिला पेणला माहेरी सोडायचं होतं. वडखळला टायर बसला. पोहोचलो तेव्हा पावणेदहा. मस्टर टेबलावर उघडं. वेळेचा रकाना त्यात नव्हताच, नुसत्या सह्या. दुसऱ्या ओळीवर केतनची सही, आणि वरची पहिली ओळ मोकळी!

एसटीत आपल्या माणसासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी धरलेली. मी सही ठोकली, केतनला घट्ट मिठी मारली. तो काही बोलला नाही. केतन कधीच काही बोलत नाही.

त्या एका ओळीवर मी सतरा वर्षं बसलोय. कॅप्टनच्या ट्रेनिंगला एकच जागा होती — मला मिळाली, त्याला अकरा महिन्यांनी. गणपतीची सुट्टी दोघांतून एकालाच — दरवर्षी मला. त्याच्या वडिलांनी शेवटचा गणपती बसवला तेव्हा केतन विमानात होता आणि मी इथे झांजा वाजवत होतो.

केतनने फॉर्मचा त्याचा भाग भरून पाठवलाय. 'सध्याचा क्रम मान्य.' वेळेचा रकाना कोरा.

१३ नोव्हेंबर

वाडीत फेऱ्या. नारळ मोजले. परत मोजले. आकडा जुळत नाही.

१४ नोव्हेंबर

फॉर्म जेवणाच्या टेबलावर तीन दिवस पडलाय. कल्पिता त्याच्याभोवतीनं पुसते.

आज फडकं ठेवून समोर बसली. "वडखळला मी मागे बसले होते. किती वाजले होते ते मला माहितेय."

सतरा वर्षं बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तू कधी बोलतोस ते बघत होते."

मी माझी उदात्त युक्ती बाहेर काढली. जेट नाकारतो. बाबाही खूश, घरही जवळ, जागा आपसूक केतनला. वेळेबिळेचं काही लिहायलाच नको!

"म्हणजे त्याचंच त्याला देणार, आणि वर दानशूर म्हणून हार घालून घेणार?"

 विनोदाला बायकोने जागा ठेवलीच नव्हती.

१५ नोव्हेंबर

मला जेट हवं आहे. हे आज पहिल्यांदा स्पष्ट लिहितोय. आठवडाभर सुजितची टर उडवली, पण आरशासमोर उजव्या खुर्चीतला मी कसा दिसेन ते बघून झालंय. खरी वेळ लिहिली तर ते गेलं. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी संधी कोण देतो?

आणि नाही लिहिली तर त्याच्याकडची सुपारी कुठल्या तोंडाने खायची?

१७ नोव्हेंबर

मांडव्याहून बोट पकडून मुंबईच्या ऑफिसात गेलो, फॉर्म हाताने दिला. 'हजर होण्याची वेळ — पावणेदहा. केतन माझ्याआधी हजर होता. त्याने सौजन्याने माझ्यासाठी ओळ मोकळी सोडली, त्यामुळे क्रम उलटा लागला. तो दुरुस्त करावा.'

बाई दोनदा वाचून म्हणाल्या, सर, हे विनोदी आहे का?

ग्रुपवरच्या खोट्या परिपत्रकाने नाव झालंय माझं.

२१ नोव्हेंबर

यादी लागली. चौसष्ट केतन. पासष्ट मी.

मृणाली म्हणाली, सर, मग तुम्ही आमच्यातच! चेहऱ्यावर आनंद लपेना. बाबा म्हणाले, "डायवरच रायलास ना? बेस झाला." मी जिन्यात बराच वेळ उभा होतो.

केतनचा फोन नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

केतन सकाळीच आला, एकटा. पडवीत बसला. चहा घेतला. मग म्हणाला —

"ओळ मी तुझ्यासाठी नव्हती रे सोडली. पहिली ओळ मॅनेजरसाहेबांची, असं क्लार्कने सांगितलेलं. तू धावत आलास नि तिथेच सही ठोकलीस."

मग सांगितलं का नाहीस?

"तू मिठी मारलीस ना."