कार्टूनमधलं माहुल

माहुल कोळीवाडा,
१५ नोव्हेंबर १९८७

प्रिय बाळादादा,

सुगंधाचा नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मस्कतला आता ऊन उतरलं आणि तुमच्या खोलीत दुसरा पंखा बसवला, हे ऐकून आईला बरं वाटलं. तिचे गुडघे दुखतात, पण चेंबूरच्या बाजारात बसायला जाते. मी ठीक आहे. यंदा दिवाळीचं आम्ही काही केलं नाही, म्हणून करंज्या कोणाबरोबर पाठवल्या ते विचारू नकोस.

दोन्ही पत्रांत तू एकच विचारलंस. आबांच्या चार ओळी का नाहीत, दर वेळी तर मला समोर बसवून सांगतात. रागावलेत का? नाही रे, रागावले नाहीत. सांगते. पण पहिल्यापासून सांगू दे, मधूनच सुरू केलं तर मला लिहिता येणार नाही.

आबांनी तुला एक कळवू दिलं नव्हतं. तू गेलास त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासून त्यांनी खाडीत जाणं सोडलं. खाडीत राहिलंय काय? जाळ्यात चिखल आणि प्लॅस्टिक. जे थोडं मिळायचं ते आई बाजारात नेई आणि बायका हातात घेऊन वास घेत. एकदा एका बाईने घेतलेली बोईटं संध्याकाळी परत आणून आईच्या पाटीत टाकली. "मावशी, रॉकेलचा वास येतो हो तुमच्या मासळीला." आईने घरी येऊन सांगितलं. आबा जेवत होते, ताटावरून उठले. त्यानंतर त्यांनी होडी वर ओढून उलटी घातली आणि चेंबूरला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. खाकी शर्ट, खाकी पँट. रामनाथ नाखवा गाड्यांना गेट उघडायचा. गल्लीत शिरायच्या आधी ते शर्ट काढून पिशवीत घालत आणि बनियनवर घरी येत. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

मार्चमध्ये एक जण आला. शिवदास नाव, अंधेरीच्या एका कार्टूनच्या स्टुडिओत चित्रं काढतो. टीव्हीसाठी मालिका करत होते. त्यातला पोरगा दर रविवारी मुंबईतल्या एका वेगळ्या ठिकाणी जातो. दहिसरची नदी, घाटकोपरचा डोंगर, मढचा किनारा, तसं एका भागात माहुल. मी म्हटलं, कार्टूनमध्ये कुठलंही गाव चालतं की. तर म्हणाला, "तेच नकोय. मुलांना आपली गल्ली ओळखू आली पाहिजे. माणसं दुसरे लोक काढतात, ती पारदर्शक कागदावर हलतात. मी त्यांच्या मागचं गाव काढतो."

देवळापाशी बसून त्याने दोन दिवस चित्रं काढली. जसं आहे तसं. घरं, धक्का, वाळत घातलेली सुकट, मागे तेलाच्या टाक्या, चिमण्या, त्यांच्या टोकाची आग. तिसऱ्या दिवशी आबा ड्यूटीवरून येताना त्याच्या मागे उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "झकास काडलंस. पन हे कशाला काडतोस रं? हे तर रोज दिसतंय."

"मग काय काढू, आबा?"

"बस. सांगतो."

मग तो महिनाभर येत राहिला. आबा ओट्यावर बसून सांगायचे आणि तो काढायचा. चिमण्यांच्या जागी तिवरांचं रान. धक्क्याच्या पुढे भरतीला बुडणारी दगडी पायरी. ती आता भरावाखाली आहे, आपण दोघांनीही पाहिलेली नाही. पाण्याचा रंग तर त्याने किती वेळा पुसून केला! आबा म्हणायचे, "निळा नको, आपली खाडी निळी नव्हती कवा. हिरवी कर. नारलाच्या झापासारखी, पावसानंतरची." बरोबर जमला तेव्हा आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भागातला म्हातारा होडी कशी वल्हवेल ते माणसं काढणाऱ्यांना कळावं म्हणून ओट्यावर पाट मांडून बसले आणि बांबू हातात घेऊन वल्हवत सुटले. शेजारची पोरं हसत होती, आई पदर तोंडाला लावून हसत होती. दादा, आबांना असं मी खूप वर्षांनी पाहिलं. आई म्हणाली, हा पोरगा गणपतीसारखा आलाय घरात.

भाग लागला सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. रामचंद्रकाकांकडे अर्धा कोळीवाडा जमला. आबांनी त्या दिवशी रजा टाकली होती. धुतलेला सदरा घालून आले, पण आत बसले नाहीत, दारात चौकटीला धरून उभे राहिले.

कसं सांगू तुला? टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, हिरवा रंग कुठून दिसणार. तरी ओळखू येत होतं रे. आपली गल्ली, आपलं देऊळ. पुढे खाडी मोकळी, तिवरांवर बगळे, पायरीला पाणी लागतंय. एक म्हातारा पोराला होडीत घेतो आणि वल्हवतो, अगदी आबांसारखे खांदे. आवाज मात्र दुसऱ्याच कोणाचा, पुस्तकातलं बोलणारा. मग जाळ्यात जिताडा मिळतो, पोराएवढा मोठा. सगळ्या बायका ओरडल्या, "रामनाथ, अरे तूच!" शेवटी म्हातारा धक्क्यावर एकटा उभा राहून हात हलवतो आणि संपतं.

रामचंद्रकाकांचा नातू म्हणाला, "हे आपलं माहुल नाय. याच्यात कंपन्याच नायत."

आबा दारातून म्हणाले, "आपलंच हाय. तुमी बगलं नाय."

बस, एवढंच. घरी येऊन जेवले. दुपारी ओट्यावर बसून खाडीकडे बघत राहिले. मी जवळ जाऊन विचारलं, आवडलं का? म्हणाले, "समदं बरोबर काडलंय पोऱ्यानं. काय पन ऱ्हायलं नाय." मग थोड्या वेळाने, "मना वाटलं व्हतं मी इसारलो असंन. नाय इसारलो, सुगंधा. इसारलो असतो तर बरं व्हतं."

मी आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ते कामाला गेले नाहीत. नंतर गेलेच नाहीत. होडी सरळ केली, भेगा भरल्या, तेल लावलं. दसऱ्याला तिची पूजा केली, झेंडूची माळ घातली. आई तर वेडी झाली होती आनंदाने. सगळ्यांना सांगत सुटली, नाखवा पुन्हा जागा झाला. जेवायचे पण नीट. त्या आठवड्यात त्यांनी आईला दोनदा तरी हाक मारून ओट्यावर शेजारी बसवून घेतलं. दिवसा, लोकांसमोर. आई लाजत होती.

दादा, आता पुढचं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते सकाळी ओहोटीबरोबर होडी घेऊन गेले. संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रामचंद्रकाका आणि बाकीचे तीन होड्या घेऊन निघाले. होडी न्हावा गावाच्या बाजूला तिवरांत अडकलेली मिळाली. वल्हं आत नीट आडवं ठेवलेलं. पाणी भरलेलं नव्हतं, कुठे आपटलेली नव्हती. आबा नव्हते.

पोलिसांत कळवलंय. उरणपर्यंत सगळ्या कोळीवाड्यांत निरोप गेले. काहीच मिळालं नाही. इतके दिवस झाले, काहीच नाही.

तुला तार करायला मी पोस्टात गेले होते. खिडकीपाशी उभी राहिले आणि तारेत काय लिहायचं तेच कळेना. 'आबा गेले' असं लिहिता येत नाही, कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. 'आबा आले नाहीत' लिहिलं तर तिकडे तू काय समजणार? मागे माणसं खोळंबली. क्लार्क म्हणाला, "ताई, ठरवून या." अजून ठरलं नाही, म्हणून हे पत्र.

आई मानत नाही. रोज त्यांचं ताट वाढते, झाकून ठेवते, सकाळी काढून कुत्र्याला घालते. सोनूबाई आणि आणखी दोघीजणी आल्या होत्या, म्हणाल्या, सरू, किती दिवस अशी राहशील, रीत असते. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, माझ्या बांगड्यांना हात लावाल तर बघा. भगताने तिला सांगितलंय, पश्चिमेला आहे, जिवंत आहे. बाजारातून आली की पाटी ठेवते आणि धक्क्यावर जाऊन बसते. अंधार पडला की मी जाऊन आणते. रोज उठवायचं, रोज हात धरून आणायचं. सोसायटीच्या गेटवरचा एक जण आबांचा खाकी शर्ट मागायला आला होता, युनिफॉर्म त्यांचा असतो म्हणून. आईने धुऊन, घडी करून दिला आणि सांगितलं, नाखवा आता मासळी मारतो, त्याला नोकरी नको.

शिवदास आला होता. कोणीतरी सांगितलं त्याला. उंबऱ्यातच खाली बसला आणि रडायला लागला. म्हणाला, "मी चिमण्या ठेवायला हव्या होत्या." मला त्याला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. खूप दिवस कोणावर तरी ओरडायचं होतं. पण ओरडू कोणावर? त्याने आबांचं ऐकलं. आबांना जे पाहिजे होतं ते इमानदारीने काढलं. असं आबांचं आपल्यापैकी कोणी ऐकलं होतं का? आईने त्याला चहा दिला आणि विचारलं, पुन्हा कधी दाखवणार रे तो भाग? तो उठून गेला. पुन्हा आला नाही.

आता तुला एक सांगते, ते फक्त तुला. आई सगळ्यांना सांगते, पाग घेऊन गेलाय, जाळं भरल्याशिवाय यायचा नाही. गावही तेच समजतं. म्हातारा मासळीच्या नादात लांब गेला, पाग फेकताना चक्कर आली, पडला. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. दादा, पाग घरीच होता. आठव्या दिवशी मी माळा आवरला, तेव्हा पोत्यात बांधून आत सारलेला मिळाला. मी तो आईच्या नजरेला पडू दिला नाही. मढला कृष्णाबाईमावशीकडे गेले तेव्हा पिशवीत घालून घेऊन गेले आणि तिच्याकडे ठेवला. तिला म्हटलं, तुझ्या पोरांना वापरायला दे, काही विचारू नको. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं नाही.

आणि त्या सकाळी मी नळावर होते. ते वल्हं खांद्यावर टाकून जाताना दिसले. पाग होडीतच असेल असं मला वाटलं. मी हाक मारून विचारलं, "आबा, मासळीसाठी थांबू की भाजी करू?"

ते थांबले. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "भाजी कर."

मी भाजी केली रे. दोडका आणला, चिरला, फोडणी दिली. मी जेवायला बसले तरी लक्षात आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात होडीवर जाताना घरी कधी भाजी करू दिली नाही, तो असं का म्हणेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाग हातात घेतला तेव्हा आलं.

तू ये असं लिहू की येऊ नकोस, मला कळत नाही. तू आलास की आई म्हणेल, बाळाला का बोलावलं, काय झालंय? आणि तू विधी करायचे म्हणालास तर तिला कोण धरणार? आला नाहीस तर मी एकटीने हे किती दिवस ओढायचं? रात्री ती झोपेत बांगड्या वाजवते, मुद्दाम वाजवते असं वाटतं, आहेत ना बघायला. मी जागी असते. मला त्यांचा राग येतो, दादा. इतकं सगळं बरोबर आठवून, बरोबर सांगून, शेजारी बसवून घेऊन असं जायचं? आणि मग वाटतं, त्यांना अडवायला इथे होतं तरी काय? आम्ही दोघी होतो. तेवढं पुरलं नाही.

तुझ्या मनाला येईल ते कर. मी काही म्हणणार नाही.

आई आत्ता धक्क्यावरून आली, आज स्वतःहून आली. शेजारी बसली आहे. तिला वाचता येत नाही, तरी पत्रावर नजर ठेवून आहे. म्हणते, सगळं लिहिलंस ना, आता शेवटी आबांचे आशीर्वाद लिही, पोरगा वाट बघत असेल. मी लिहिते असं म्हटलं. ती बोट ठेवून विचारते आहे, कुठे लिहिलंस, दाखव.

इथे, तिचं बोट आहे तिथे, मी तुझं नाव लिहिते आहे. बाळा. बाळा. बाळा.

तुझी,
सुगंधा