गरम पाण्याच्या पंपाची पूजा

कोल्हापूर, सोमवार

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या हंबीररावाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार उभ्यानेच घातला, कमरेत उसण भरली आहे, कारण खाली येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? राजनंदिनीला आशीर्वाद, तुझ्या लेकीला तुझी सेवा करायला मिळते आहे, तिचं भाग्य. फोन केला की ती "आई झोपलीय" म्हणते. सकाळी दहाला झोपणारी तू नव्हेस, म्हणून पत्र लिहितो आहे.

तू गारगोटीची एसटी धरलीस त्याला आज नववा दिवस. त्या सकाळी काय बोलणं झालं ते मी उगाळत बसत नाही. (बोललो मीच, हे मान्य.) मूळ कारण पंप. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खालच्या न्हाणीपर्यंत येईतो दोन बादल्या गार पाणी वाया जातं, म्हणून तो बारका पंप पाणी सारखं फिरवत ठेवतो, एवढं तुला ठाऊक आहेच. तो जळाला, नळाला गरम पाणी येणंच बंद झालं आणि ऐन थंडीत पंधरा दिवस तुला गॅसवरच्या पातेलंभर पाण्यावर भागवावं लागलं. फिटर बोलाव, असं तू रोज म्हणायचीस. पण तीस वर्षं डेअरीच्या बॉयलरवर काढलेल्या माणसाने स्वतःच्या घरात फिटर बोलवायचा? गल्ली काय म्हणेल?

तू गेल्यावर मात्र मी कंबर कसली. (तीच कंबर.) नवा पंप आणला आणि बसवण्याआधी त्याची पूजा केली. बॉयलर मी हळदकुंकवाशिवाय कधी पेटवला नाही, मग इथंच हात आखडता का घ्यायचा? हळद सढळ हाताने लिंपली, वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पंप जोडला. नळ सोडला तर गरमच्या नळाला गारढोण पाणी! पाइपात हवा धरली असेल म्हणून गच्चीवर चढून जोड सैल केला. हवा निघाली, पाठोपाठ टाकीतलं कढत पाणी निघालं, मी मागं उडी मारली आणि कंबर जी धरली ती आजतागायत.

शेवटी रिजवान फिटरला बोलावलंच. त्याने ओल्या फडक्याने हळद पुसली. खाली एक बाण होता, पाणी कुठल्या दिशेने जावं ते दाखवणारा. "काका, पूजा एकदम बरोबर हाय की," तो म्हणाला, "पंपच उलटा बसलाय." हसला मात्र नाही, भला माणूस. पंप फिरवून बसवता बसवता त्याने विचारलं, "अक्का दिसत न्हाईत?" मी सांगितलं, लेकीकडं गेल्यात, हवापालटाला. (खोटं मला पचत नाही. तेव्हापासून जेवणही नीट जात नाही.)

आता सगळं ठीक चाललं आहे. दर महिन्याला पंपाची जाळी धुवायची, वर्षातून एकदा टाकीतला क्षार काढायचा, असं त्याने बजावलंय आणि मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. दिवसभर गरम पाणी घरभर फिरत असतं. न्हाणीच्या भिंतीला हात लावून बघतो, भिंत कोमट लागते. बरं वाटतं आणि लगेच वाईट वाटतं, कारण त्या पाण्याने आंघोळ करणारं घरात कुणी नाही. मी गार पाण्यानेच उरकतो. तुला मिळालं नाही ते स्वतःच्या अंगावर ओतून घ्यायला हात धजत नाही.

टपाल निघायची वेळ झाली, थांबतो. तब्येतीला जप.

तुझा,
हंबीर

ता. क. हे राजनंदिनीला वाचून दाखवू नकोस. जुना पंप जळाला नव्हता. टाकी धुताना गरम पाण्याचा कॉक मीच बंद केला होता आणि उघडायचा विसरलो. तो रिजवानने शोधून काढला. म्हणजे ते पंधरा दिवस तुझे गुडघे माझ्यामुळे दुखले.

आणखी एक ता. क. "या वयात रोज आंघोळ करून कुणाला दाखवायचंय?" असं मी त्या सकाळी म्हणालो. आई गेल्यावर मला न्हाऊ घालणारी तू, आणि तुलाच असं बोललो. चुकलो, अक्का. शनिवारी तुला न्यायला येतो आहे. दार लावून घेऊ नकोस. परत यायचं नसेल तर तसं सांग, मग मीच तिथं राहीन. राजनंदिनीकडं पाणी अजून चुलीवरच तापतं ना? जाळ मी घालीन.