माझ्या माघारी कॉम्प्युटर गार ठेवण्याबाबत

आज शनिवार, दिनांक १८ मे २०२४. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. कॉम्प्युटरची डावी बाजू उघडून पुढच्या जाळीवरची धूळ रंगाच्या ब्रशने झाडत होतो, ते काम अर्धवट ठेवून लिहायला बसलो आहे. हात धुतले आहेत.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण दहावीपर्यंत (परीक्षा दिलेली नाही), धंदा जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक दाखवलेला किंवा फूस लावलेली नाही, आणि अक्षर माझे आहे. परवा सोमवारी माझ्या नाकाचे वाकडे हाड सरळ करायचे आहे. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचे काम आहे, फक्त पूर्ण भूल द्यावी लागेल, एवढेच. बाबांनाही 'एवढेच' असेच सांगितले होते. ते दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. म्हणून हे मृत्युपत्र.

कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे काका बसतात. त्यांना विचारून काही गोष्टी पक्क्या केल्या. साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. लिहिलेले रद्द करायचे तर एकच रेघ मारून बाजूला सही करावी, पान फाडू नये. ते म्हणाले, "या वयात कशाला रे? इस्टेट काय आहे?" मी म्हटले, एक कॉम्प्युटर आहे. ते म्हणाले, "मग पावतीच्या मागे लिही की."

त्यांना माहीत नाही. आईचे गुडघे गेल्यापासून आमचे घर या एका पेटीवर चालते.

कलम १. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर, जो मी सुटे भाग आणून स्वतः जोडला आहे, तो माझी धाकटी बहीण छोटी हिला द्यावा. कॅसेट उतरवायचे काम तिला येते. येत नाही ते कॉम्प्युटर गार ठेवणे. काम लांबले की तो तापतो, चौऱ्याण्णव अंशांवर जातो आणि आपोआप बंद पडतो. मग कॅसेट पहिल्यापासून लावावी लागते. जुनी फीत प्रत्येक वेळी झिजते. लोकांकडे दुसरी प्रत नसते. एका बाईंच्या कॅसेटमध्ये त्यांच्या आईचा आवाज होता, तो तिसऱ्या खेपेला खरखरला. बाई पैसे ठेवून गेल्या. मी असताना ही गत आहे, तर माझ्या माघारी काय होईल, ही माझी मुख्य काळजी आहे. म्हणून पुढचे कलम लांब आहे. छोटीने ते सोमवारच्या आत हाताने करून दाखवावे, ही अट.

कलम २. हवा खालून व पुढून आत यावी आणि मागून व वरून बाहेर जावी. गरम हवा वरच जाते, तिला उलटे ढकलू नये. पंखे सहा आहेत: तीन पुढे, एक मागे, दोन वर. कोणता पंखा कुठे फुंकतो हे बघायला कागदाचा कपटा धरावा. आत ओढणाऱ्या पंख्याला तो बाहेरून चिकटतो. पुढे काच होती ती मीच काढून लोखंडी जाळी बसवली, ती पुन्हा काच करू नये, दिसायला छान असली तरी. पेटी भिंतीपासून एक वीत लांब ठेवावी. वायरी मागच्या बाजूने बांधल्या आहेत, त्या सोडून पुढे लोंबू देऊ नयेत, हवा अडते. धूळ झाडताना पाते बोटाने धरावे, ब्रशने भिरभिरू देऊ नये. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारा चौकोनी तुकडा, त्याच्यावर कूलर बसतो. दोघांच्या मध्ये राखाडी पेस्ट लागते, वाटाण्याएवढी. ती वर्षातून एकदा पुसून नवी लावावी. कूलर सरळ उपटू नये, आधी हलकेच पिळावा.

छोटीने हे वाचले आणि म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांना सांग, एक पंखा नाकात बसवा. पुढून आत, मागून बाहेर." हे तिचे गांभीर्य आहे. तरी कॉम्प्युटर तिलाच.

कलम ३. घरातल्या वस्तूंवरचे प्लास्टिक. बाबा वस्तू आयुष्यात एकदाच घ्यायचे आणि तिच्यावरचे प्लास्टिक काढू द्यायचे नाहीत. वस्तू नवी राहते, असे म्हणायचे. फ्रीजचा दांडा, टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, सगळे अजून प्लास्टिकमध्ये आहे. घड्याळात किती वाजले ते दुपारच्या उजेडात दिसत नाही. छोटी सात वर्षांची असताना तिने टीव्हीच्या काचेवरचा पापुद्रा सोलला होता, तेव्हा बाबा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. या सर्व वस्तू आईच्या. तिच्या हयातीत कोणी काही सोलू नये. हे छोटीसाठी लिहिले आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक आईची. सायकल छोटीची. माझी खिडकीजवळची कॉट ज्याला हवी त्याने घ्यावी, तिचा डावा पाय डगमगतो, खाली पुठ्ठा आहे तो टाकू नये. बाबांचा पेचकस, ज्याने मी सगळे स्क्रू घट्ट केले, तोही छोटीचा.

कलम ५. माझा थोरला भाऊ, दादा, जुने मोबाइल आणि कॉम्प्युटरचे भाग स्टॉलवर विकतो. प्रोसेसर त्याच्याकडून घेतला होता. कॉम्प्युटर पहिल्या आठवड्यापासून तापतो. मी म्हटले, सख्ख्या भावाला जळका माल दिलास. तो म्हणाला, माझा माल ठीक आहे, तूच काहीतरी घोळ घातलास. मी पैसे दिले नाहीत. दोन वर्षे आम्ही बोलत नाही. सदोष प्रोसेसर दिल्याबद्दल दादाला या इस्टेटीतून काहीही मिळू नये. काहीही मिळत नसल्यामुळे तो साक्षीदार म्हणून चालतो. छोटीने त्याला चार वाजता बोलावून आणावे.

(इथवर दुपारी साडेबाराला लिहून झाले. पुढचे संध्याकाळी सहानंतर.)

दादा चार वाजता आला. उंबऱ्यातच उभा राहून त्याने सगळी पाने वाचली. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, पण त्याला सांगणार कोण. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "छोटे, याला विचार, मला खरंच काही नाही?"

छोटी म्हणाली, "दादा विचारतोय, मला काही नाही?"

"नाही म्हणून सांग."

"नाही म्हणतोय."

"बरं. म्हणजे सही करायला लायक आहे मी. आणि हे 'सदोष' लिहिलंय ते उघडून दाखवतो का म्हणावं."

छोटीला कूलर काढायचा सराव द्यायचाच होता. ती स्टुलावर बसली, मी वरून सांगत गेलो. तिने चारही स्क्रू सोडवले, कूलर हलकेच पिळला, उचलला, पालथा केला. फडक्याने पेस्ट पुसली. मग तिने एका कोपऱ्याला नख घातले आणि म्हणाली, "हे काढायचं ना?"

मी नको म्हणेपर्यंत तिने सोललेसुद्धा. पातळ, पारदर्शक, एका ओढीत आले. खाली कूलरच्या बुडाचे तांबे इतके लखलखीत होते की तिच्या बोटांचे प्रतिबिंब त्यात पडले.

मी म्हटले, "ते असू द्यायचं असतं. तांबं काळं पडू नये म्हणून."

दादा पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. आपल्या घरात..." नव्या कूलरला कंपनीने चिकटवलेल्या त्या प्लास्टिकवर मी चार वेळा पेस्ट लावली होती. पुसायला किती सोपे जाते, याचे मला बरेही वाटले होते. प्लास्टिकच्या वरून तांब्यापर्यंत उष्णता पोचणार कशी? सहा पंखे नुसतेच फिरत होते.

दादा दारातून दिसणाऱ्या फ्रीजच्या दांड्याकडे बघत राहिला. मग माझ्या कॉटवर बसला, ती डगमगली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं? मोडलं का काही?"

छोटी म्हणाली, "नाही गं. बाबा सापडले."

पेस्ट लावून कूलर पुन्हा बसवला. एक कॅसेट लावली, कोणाच्या तरी लग्नाची, पावणेदोन तासांची. तापमानाचा आकडा सदुसष्टवर जाऊन थांबला. कॅसेट शेवटपर्यंत उतरली. आम्ही तिघे अनोळखी लोकांचे लग्न बघत बसलो, आणि शेवटी दादा म्हणाला, "बारक्या, आता तीन पंखे बंद कर. विमानात बसल्यासारखं वाटतंय."

म्हणून खालीलप्रमाणे बदल करतो.

कलम ५ रद्द. रेघ मारली आहे, बाजूला सही आहे. रेघेखालून अक्षरे दिसतात, त्याला माझा इलाज नाही, कायदाच तसा आहे.

कलम ४ मधला बाबांचा पेचकस छोटीऐवजी दादाला. छोटीची हरकत नाही. त्याच्या मुठीवर अजून प्लास्टिक आहे. सोलायचे की नाही हे दादाने ठरवावे.

पेचकस मिळणार असल्यामुळे दादाला साक्षीदार होता येत नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे मग मला बोलावलंस कशाला?" वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची सही आधीच ठरली होती, दुसरी आता काकूंची घेतली.

कलम ३ बाबत आईला विचारले. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "घड्याळाचं काढा. रिमोटचं राहू दे."

काळजी मिटली असे लिहिले तर ते खोटे होईल. कॉम्प्युटरची मिटली. पण दोन वर्षे मी रोज आकडा बघत होतो, हवा मोजत होतो, भावावर आळ घेत होतो, आणि कूलर चार वेळा हातात धरूनही मला दिसले नाही. सोमवारी डॉक्टरांच्या नजरेतून असेच काही सुटले तर? छोटी म्हणते, त्यांच्या घरी प्लास्टिक काढत असतील. एवढ्यावर मला भूल घ्यायची आहे.

सही: (कॅसेटवाला, घरातला बारक्या)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. माणूस शुद्धीत आहे. (शिंपीकाकांनी स्वतःच्या अक्षरात पुढे लिहिले: घाबरलेला आहे, पण शुद्धीत.)

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका
साक्षीदार २: शिंपीकाकू
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: १८ मे २०२४, संध्याकाळी साडेसात

सोबत हिशोब.

गार ठेवण्यासाठी झालेला खर्च:
पंखे सहा: ३,६००
पुढची जाळी, पत्रा कापण्यासह: ४५०
पेस्ट, चार नळ्या: १,०००
पंख्यांचा वेग कमी-जास्त करायची पट्टी: ७००
एकूण: ५,७५०
प्लास्टिक काढणे: खर्च नाही

देणे:
दादाला, प्रोसेसरचे: ६,५००

हे देणे माझ्या माघारी बँकेतल्या शिल्लकेतून फेडावे, असे लिहिणार होतो. दादाने लिहू दिले नाही. त्याने सांगितले तसे लिहितो: आईकडून घेणार नाही. छोटीकडून घेणार नाही. माफही करणार नाही. नाकाची पट्टी निघाली की बारक्याने स्वतः स्टॉलवर यायचे आणि माझ्यासमोर मोजून द्यायचे.