मोजणीबाहेरची मुले

हार्मन लँडिंग, आर्कान्सा
३ जून २०२३

प्रिय थरमन,

ज्याच्या कृपेवाचून या म्हाताऱ्या हाताला लेखणी धरवत नाही, आणि ज्याच्या नजरेतून पाखराचे पडणेही सुटत नाही, त्या प्रभूची कृपा प्रथम मागतो. आज मी रागात लिहितो आहे, आणि रागावलेल्या माणसाला कृपेची गरज इतरांहून अधिक असते. ‘प्रिय’ हा शब्द मी तीनदा खोडला आणि चौथ्यांदा लिहिला. तो राहू दिला, एवढेच. त्यावरून मी निवळलो असा अर्थ काढू नकोस.

गेल्या मंगळवारी काउंटीच्या मंडळापुढे तू जे बोललास, ते मी तिसऱ्या रांगेत बसून अखेरपर्यंत ऐकले. या देशात मुले आणि किशोर सर्वाधिक कशाने मरतात, तर बंदुकीने, हे वाक्य आमच्या चर्चच्या दारावर, वर्तमानपत्रात आणि मंडळाच्या अहवालातही छापलेले आहे. चाळीस मिनिटांत तू ते वाक्य उसवून दाखवलेस. एक वर्षाच्या आतली बाळे या मोजणीतून आधीच वगळली आहेत, कारण ती इतक्या संख्येने आजारपणात दगावतात, की ती धरली तर बंदूक पहिल्या क्रमांकावर राहत नाही. आणि अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण आत घेतले आहेत, कारण गोळीबार त्याच वयात वाढतो. खिडकी थोडी सरकवा, की पहिले कारण दुसरे होते, असे तू म्हणालास. मी तुला वाचायला शिकवले आहे, थरमन. तू खोटे बोलला नाहीस हे मला कळते, आणि माझा संताप त्यामुळेच दुप्पट झाला आहे. खोटे बोलला असतास, तर मी तुला दोन वाक्यांत गप्प केले असते.

पण तू तिथेच थांबला नाहीस. मोजणी सतरा वर्षांवर संपवावी, अशी शिफारस तू केलीस. अध्यक्षांनी मान डोलावली आणि शेजारच्या बाईंना टिपून घ्यायला सांगितले, की सुसंगती म्हणून रुग्णालयातली सोबतही यापुढे त्याच वयापर्यंत ठेवावी. ती सोबत म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. गोळी लागलेले पोर रुग्णालयात आले, की तासाभरात आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या खाटेपाशी जाऊन बसते, त्याच्या भावंडांना आणि दोस्तांना तिथेच धरून ठेवते, म्हणजे त्यांच्यातला कुणी बदला घ्यायला बाहेर पडत नाही. आमच्यातला पर्विस स्वतः तरुणपणी दोन गोळ्या खाऊन वाचला. चार वर्षे तो हे काम करतो आहे. तेरा जूनला मंडळ मत देईल, आणि त्यानंतर अठरा वर्षांचा जखमी मुलगा त्या खाटेवर एकटा पडेल. अध्यक्षांचे ते वाक्य तू ऐकलेस. तू मान खाली घालून संगणक पिशवीत भरत होतास.

माझी लेक व्हर्नेटा उठली, तेव्हा मी तिचा हात धरून तिला बसवायला पाहिले. तिने तो सोडवून घेतला. तिला तू लहानपणापासून ओळखतोस. तुझ्या चुकलेल्या गणितांवर हसणारी तीच. ती म्हणाली, “माझा जॅमेरिअस अठरा वर्षं चार महिन्यांचा होता. शाळेचं शेवटचं वर्षही संपलं नव्हतं. तो जर मूल नव्हता, प्रोफेसर, तर मी पुरलं कुणाला?” आणि तू, ज्याने तिच्या हातचा पीच घातलेले पुडिंग दर रविवारी दोनदा मागून खाल्ले, तिला ‘मॅडम’ म्हणालास. शोक व्यक्त केलास. मग म्हणालास, “अठरा वर्षांचा माणूस मत देतो, फौजेत जातो. त्याला मूल म्हणणं आईला शोभतं, आकड्यांच्या तक्त्याला नाही.” बाहेर आल्यावर पर्विस म्हणाला, “चला, सरकारने एक बरं केलं. पोरगं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मेलं तर हंबरडा फोडायचा, दुसऱ्या दिवशी मेलं तर नुसतं हं म्हणायचं.” कुणीतरी हसले. व्हर्नेटा हसली नाही.

जॅमेरिअसच्या प्रेतयात्रेला तू फुले पाठवली होतीस, आला नव्हतास; म्हणून काही गोष्टी तुला ठाऊक नसतील. चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणासाठी तो बर्फ आणायला पेट्रोल पंपावर गेला होता. गोळी दुसऱ्याच कुणासाठी होती. त्याला पुरताना जो सूट घातला तो व्हर्नेटाने पदवीदानासाठी शिवून घेतला होता, आणि पँटच्या टोकांना दोन-दोन बोटे कापड आत दुमडून ठेवायला सांगितले होते, कारण तो अजून वाढत होता. शिंप्याने ते दुमडलेले कापड मला दाखवून विचारले, की आता हे उसवून सरळ करू का. तुझ्या तक्त्यात तो प्रौढ पुरुष आहे. त्या शिंप्याच्या टेबलावर तो नव्हता.

तू चौदा वर्षांचा असताना मी वर्गात रोमन मुलांविषयी सांगत होतो. गळ्यातला ताईत काढून ते देवघरात ठेवत आणि त्या दिवसापासून त्यांना पुरुष मानले जाई. तू हात वर करून विचारलेस, की तो दिवस कोण ठरवायचे. मी म्हणालो, बाप ठरवी. तू विचारलेस, “आणि बाप नसला तर, सर?” वर्ग हसला, कारण तुझा बाप डेट्रॉइटला निघून गेल्याचे सगळ्यांना माहीत होते. मी हसलो नाही, पण प्रश्न टाळून पुढच्या धड्याकडे वळलो. त्या वर्षीपासून मी तुला रोज संध्याकाळी घरी बोलावून लॅटिन शिकवू लागलो. त्यात थोडे प्रायश्चित्त होते, आणि पुढे पुष्कळसे प्रेमही आले. तुला महाविद्यालयात पोहोचवायला माझ्याच गाडीतून सात तास नेले, हे उपकार म्हणून सांगत नाही. मंगळवारी समोर उभा होता तो परका कुणी नव्हता, माझ्याच हाताखाली घडलेला होता, आणि म्हणून तो घाव खोल गेला, एवढेच सांगतो.

म्हणूनच तुला मी बाहेर पायऱ्यांपाशी गाठले. कोणत्या आईने रडायचे आणि कोणत्या आईने नाही, हे ठरवणारा तू कोण, असे मी विचारले. माझा आवाज चढला होता. तुझा चढला नाही. तू कागदांचा खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतलास आणि म्हणालास, “यादी कुठे कापायची, हे मी तुमच्याकडूनच शिकलो, डीकन.” मग गाडीकडे चालू लागलास. माझी टोपी धरून उभ्या असलेल्या पर्विसने विचारले, की याचा अर्थ काय. मी म्हणालो, जास्त शिकलेल्या माणसाचा उद्धटपणा, दुसरे काय. मी त्याला खोटे सांगितले. अर्थ मला तिथेच, त्याच पायरीवर कळला होता.

घरी येऊन मी चर्चची नोंदवही काढली. जूनच्या दुसऱ्या रविवारी, मुलांच्या रविवारी, बंदुकीने गेलेल्या आपल्या मंडळीतल्या मुलांची नावे वाचण्याची प्रथा १९९१ पासून आहे, आणि पहिल्या ओळीपासून ती वही माझ्याच अक्षरात आहे. नाव वाचले की त्या घरचे माणूस उभे राहते. वहीच्या पहिल्या पानावर मी एक नियम लिहिला आहे: ज्यांचे रक्त दुसऱ्याच्या हातून सांडले, त्यांचीच नावे. त्याखाली शास्त्रातल्या वचनांचे तीन आधार. अक्षर फार सुंदर आहे.

१९९४ च्या ऑक्टोबरात तुझ्या थोरल्या भावाने, क्लिफ्टनने, सोळाव्या वर्षी स्वतःवर गोळी झाडली. पुढच्या मे महिन्यात तुझी आई लॉरीन माझ्याकडे आली. गुरुवार होता, लाँड्रीतल्या कामाच्या गणवेशातच आली होती. पर्समधून तिने एक चिठ्ठी काढली. तिच्यावर त्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख लिहिली होती, म्हणजे मला शोधावे लागू नये. मी तिला बसवले, सरबत दिले आणि माझा नियम वाचून दाखवला. वचनेही तिन्ही वाचली. ती म्हणाली, “बरं, डीकन.” चिठ्ठीची घडी घालून तिने ती परत पर्समध्ये ठेवली. तू दाराबाहेर सायकलवर एक पाय टेकून उभा होतास. तू ऐकले असशील, असे मला त्या दिवशी वाटले नाही. आता वाटते.

त्या जूनमध्ये यादी संपली, मी वही मिटली, आणि लॉरीन उभी राहिली. कुणाचेही नाव वाचलेले नसताना. ऑर्गन सुरू होईपर्यंत ती उभी होती, मग बसली. पुढच्या वर्षीही तसेच. सगळ्या मृतांच्या मानासाठी ती उभी राहते, असे लोक समजत, आणि मी तो समज मोडला नाही. अठ्ठावीस जून महिने मी व्यासपीठावरून तिला पाहिले आणि अठ्ठावीस वेळा नजर ऑर्गनवाल्याकडे वळवली, म्हणजे त्याने लवकर वाजवायला घ्यावे. या फेब्रुवारीत ती गेली. तिच्या शवपेटीपाशी मी जी प्रार्थना केली, ती गावाने वाखाणली.

नियम शास्त्रासाठी केला, असे मी इतकी वर्षे म्हणत आलो. बुधवारी ती वही मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा खरे कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मला ती यादी बोट दाखवण्यासाठी हवी होती. पोलिसांकडे, दुकानदारांकडे, कोपऱ्यावरच्या टोळ्यांकडे. क्लिफ्टनचे नाव आत घेतले असते, तर ते बोट आमच्याच कपाटांकडे आणि उशाखालच्या पिस्तुलांकडे वळले असते. म्हणून मी खिडकी सरकवली. तुझ्याकडे निदान संगणक होता. मी देवाचे वचन वापरले.

गुरुवारी चर्चच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथे ओडेसा आणि आणखी दोघी भाजी निवडत होत्या. मी अडखळत विचारले, की स्वतःच्या हाताने गेलेली आपली मुले कुणाला आठवतात का. चाकू क्षणभरही थांबले नाहीत. तासाभरात त्यांनी मला नऊ नावे दिली, वयासकट. मी म्हणालो, तुम्हाला हे सगळे कसे ठाऊक. ओडेसा म्हणाली, “आम्हाला पाठ आहेत, डीकन. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

तर आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. क्षमा मागण्यासाठी असते, तर चार ओळींत संपले असते. आणि ती मागायची ती लॉरीनची, जी आता मला ऐकू शकत नाही. तेरा तारखेला मंडळ मला तीन मिनिटे देणार आहे. पहिल्या मिनिटात मी सांगणार आहे, की मीही बत्तीस वर्षे यादी कापली, आणि कापल्यावर मुले तिथेच राहतात, फक्त त्यांच्या आया उभ्या राहून थकतात. तुला हवे तर ते माझ्याविरुद्ध वापर. उरलेली दोन मिनिटे मी तुझ्याविरुद्ध बोलेन, आणि तुझी गय करणार नाही. तक्ता तुला हव्या त्या वयावर काप. बाळे धर, तरुण वेगळ्या रकान्यात लिही, माझी हरकत नाही. पण त्या खाटेजवळची खुर्ची काढायला तुझा तक्ता पुरेसा आहे का, हे मी तुला सगळ्यांसमोर विचारणार आहे, आणि तुला उत्तर द्यावे लागेल. कारण त्या सभेत मंडळाचे लोक फक्त तुझेच ऐकतात. ते मंगळवारी. त्याआधी, अकरा तारखेच्या रविवारी, पहिल्या पानावरचा नियम काढून टाकून ती नऊ नावे तारखेच्या क्रमाने वाचली जातील. क्लिफ्टन दुसरा आहे. त्याचे नाव मी स्वतः वाचणार आहे, आणि ते वाचल्यावर कुणी उभे राहिले नाही, तर या वयात ते मला सोसवणार नाही. तुमच्या घरातले आता तूच उरला आहेस. माझ्याकडे पाहू नकोस, मला हातही देऊ नकोस. पण ये, आणि उभा राहा.

हे पत्र तू वाचशील, किंवा फेकून दिल्यावर दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल. जो कुणी वाचेल, त्याच्या घरातली मुले म्हातारी होवोत, त्याच्या दाराशी कुणी वाईट निरोप घेऊन न येवो, आणि ज्यांना कुठेच मोजले गेले नाही, त्यांना प्रभू आपल्या मोजणीत नावानिशी धरो. आमेन.

तुझाच, अजून रागावलेला,
एझेल पेटिग्रू
डीकन, माउंट निबो बॅप्टिस्ट चर्च