दुसऱ्या नंबरची सुट्टी

प्रिय कर्ट,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, बाबा बरे आहेत. खोकला आहे, डाव्या पायाची दोन बोटं अजून काळीनिळी आहेत, पण डॉक्टर म्हणाले बोटं वाचतील. हे कसं झालं ते पुढे येईलच. फोनवर सांगणार होते, दोनदा सुरुवातही केली. पण आपलं फोनवर काय होतं तुला ठाऊक आहे. बाबा कसे आहेत, ठीक आहेत, आणि मग पाऊण तास फुटबॉल.

तर आधी फुटबॉलच उरकून टाकते, नाहीतर तू पत्र अर्धवट ठेवशील. रविवारनंतर तू मला फोनवर चारदा विचारलंस की दोनच यार्ड पुढे सरकायचं असताना आपल्या कोचने चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला चेंडू घेऊन पळायला लावायचं सोडून तो लाथ मारून समोरच्यांना का देऊन टाकला. मी दरवेळी "त्याचं डोकं फिरलं होतं, दुसरं काय" म्हणून वेळ मारून नेली. आणि प्लेऑफमध्ये, हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीत, सहाच्या सात टीम केल्या ते बरं झालं, जास्त टीम म्हणजे जास्त मजा, असंही तुझं म्हणणं. मला विचारशील तर हे सातव्या टीमचं खूळ ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला जानेवारीत आपल्या स्टेडियममधल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाकड्यावर उघड्या बुडाने बसवायला पाहिजे. अरे, पूर्वी पहिल्या दोन नंबरांना पहिला आठवडा सुट्टी होती. घोटे शेकायचे, बरगड्या जुळायच्या, माणसं जरा झोपायची. आता सुट्टी फक्त पहिल्याला. दुसऱ्याने तेरा मॅच जिंकलेल्या असोत, एकच कमी पडली म्हणून त्याने पुन्हा मैदानात उतरायचं. आणि समोर कोण, तर सातवा. शेवटच्या रविवारी तिसरंच कोणीतरी हरलं म्हणून आत घुसलेला. त्याचं काय जातंय? हरला तर घरी, तसाही तो घरीच असता. शिवाय सगळा खेळ एका मॅचवर. बेसबॉलवाले निदान तीन-तीनदा हरायची मुभा तरी देतात.

आणि ते गटाचं गौडबंगाल तर मला आयुष्यात पटलं नाही. एखाद्या गटात सगळेच ढ, म्हणून आठ जिंकून नऊ हरलेली टीम गटात पहिली. तिला घरच्या मैदानावर मॅच! आणि बारा जिंकलेले बिचारे विमानात बसून तिच्या दारात जाणार. तू तिकडे फिनिक्सला अर्ध्या चड्डीत कोचावर पडून बघतोस, तुला मजा वाटणारच. मला हल्ली दमलेल्या टीमकडे बघवत नाही. म्हातारी झाले असेन. सत्तेचाळीस म्हणजे काही लहान वय नाही.

ते सुट्टीचे रविवार तुला आठवतात ना? तू दहावीत वगैरे असशील. आपली टीम पहिली किंवा दुसरी आली की त्या आठवड्यात मॅच नाही. गिरणीत आठवडाभर कागदाच्या गुंडाळ्या ओढून आलेले बाबा त्या रविवारी सकाळी आठलाच तयार. खांद्यावर मासे धरायला तळ्याच्या बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, हातात दोन बादल्या, आणि जिन्याखालून तुला हाक. बसायला बादली, उलटी करून, आणि परतताना मासेही तिच्यातच. बादल्या दोनच. आई म्हणायची, हायडी, तू राहा माझ्या मदतीला. मग मी बटाटे सोलायचे आणि खिडकीतून गोठलेल्या तळ्यावर तुम्ही दोन ठिपके दिसायचात. मला त्याचं काही वाटायचं नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं कशाला लिहू. मला फार राग यायचा. तुम्ही लाल नाकं घेऊन परत यायचात, तुझ्या बादलीत अकरा पर्च मासे, आणि बाबा आईला सांगायचे की या पोराला बर्फावर नुसतं बसता येतं, बडबड करत नाही. माझी बडबड चालूच असायची ना!

आई गेली त्याच हिवाळ्यात हा नियम बदलला. बाबांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शिरल्याच नाहीत. जेवायला बसलं की विचारतात, ती कुठे आहे? मी सांगते, चर्चला गेलीय. मग कुरकुरतात की पाद्री फार वेळ खातो. शेगडीची बटणं मी काढून ठेवलीत, गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात असते. तुला मी म्हटलं होतं की मी काम बदलतेय. बदललं नाही रे, सोडलं, ऑक्टोबरातच. ज्यांच्याकडे होते ते दातांचे डॉक्टर भले आहेत, पण दिवसातून सहादा घरी पळणारी बाई ते तरी किती दिवस ठेवतील? सलग तीन तास झोप मला शेवटची कधी लागली ते आठवत नाही. तू विचारलंस की मी ठीक म्हणते. तू लगेच विश्वास ठेवतोस, हेही खरं.

रविवारी मी राजमा-खिम्याची चिली करून ठेवली, बाबांना टीमचा शर्ट चढवला, अकरालाच टीव्ही लावला. त्यांनी विचारलं, यंदा आपण कितवे? मी म्हटलं, दुसरे. "मग आज मॅच कसली? सुट्टी!" मी समजावलं की बाबा, नियम बदललाय, बाराला आपली मॅच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "पोरी, तुला फुटबॉलमधलं काय कळतं? दोघांना सुट्टी असते. कर्टला विचार." मी म्हटलं, बरं. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. दहा मिनिटं पाठ टेकते म्हणून आत गेले. उठले तेव्हा टीव्हीवर दुसरा क्वार्टर चालू होता, खुर्ची रिकामी, मागचं दार सताड उघडं. गिरमिट नाही, दोन्ही बादल्या नाहीत.

त्या आठवड्यात इथे ऊन पडलं होतं. पलीकडच्या लायलने शुक्रवारीच बर्फावर उभी केलेली आपली मासेमारीची लाकडी खोली ओढून किनाऱ्यावर आणली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, बर्फावर पाऊल टाकू नका, खाली पाणी वाजतंय. मी तशीच धावत तळ्यावर गेले. बाबा दोनशे पावलांवर होते. उलट्या बादलीवर बसलेले, अंगात कोट नाही, नुसता टीमचा शर्ट, एका पायात सपात आणि दुसऱ्यात फक्त मोजा. शेजारी दुसरी बादली, तीही उलटी करून ठेवलेली. भोक पाडलंच नव्हतं. लायल आपली चपट्या बुडाची होडी पुढे ढकलत, पोटावर सरपटत त्यांच्यापर्यंत गेला. पासष्टीचा माणूस, एक गुडघा बदललेला. तो पोहोचला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, अजून सुरुवात केली नाही, कर्टला येऊ दे. होडीत बसायलाही तयार होईनात. शेवटी लायलने सांगितलं की कर्ट किनाऱ्यावर थांबलाय, तेव्हा निमूट आले. किनाऱ्यावर मला बघून म्हणाले, तू कशाला आलीस, कर्ट कुठाय? अँब्युलन्समध्ये माझ्या खिशात फोन सारखा थरथरत होता. तुझे अकरा निरोप होते. लाथ का मारली, लाथ का मारली. मी एका हाताने बाबांचा पाय चोळत दुसऱ्या हाताने तुला लिहिलं, "हो ना, महामूर्ख आहे." कर्ट, मी त्या मॅचचा एक चेंडू बघितलेला नाही. आपण हरलो हे मला दवाखान्यात लायलने सांगितलं.

एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. लायलला मी बोलावलं नव्हतं. त्याने स्वतःच्या खिडकीतून बाबांना बघितलं आणि दोर घेऊन पळत आला. मी त्याच्या आधीपासून किनाऱ्यावर उभी होते. फोन खिशात होता. मी हाक मारली नाही, कोणाला फोन केला नाही. बाबा इतके सुखात बसले होते रे, आणि माझ्या मनात आलं की बसू दे, आता बर्फ काय करायचं ते करील. एक मिनिट उभी होते की पाच, खरंच मला सांगता येत नाही. लायलला वाटलं मी भीतीने थिजले, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला काही बोलले नाही, कोणालाच बोलले नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. बाबांवर माझा जीव आहे, ते तुला सांगायला नको. पण त्या किनाऱ्यावर उभी असलेली बाई पुन्हा यायला नको, आणि ती येणार नाही याची खात्री मला देता येत नाही. तू ये. आपली टीम हरली, आता रविवारी तुला तिकडे काय काम आहे? एक आठवडा त्यांच्याजवळ राहा आणि मला झोपू दे, पुढचं काय करायचं ते मग बसून ठरवू. दोन्ही बादल्या मागच्या दाराशी ठेवल्यात. बाबा रोज सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसतात. काल मी दुसरीवर बसायला गेले, तर त्यांनी बसू दिलं नाही.

तुझीच,
हायडी